पोलादपूरच्या फाट्यावरचा रसिक

पोलादपूरच्या एसटी स्टँडवर उभ्या असलेल्या माणसाला तीन वाटा मोकळ्या असतात. उत्तरेला मुंबई-गोवा महामार्ग महाड, माणगाव, पेण करत पनवेलला जातो. पूर्वेला आंबेनळी घाट चढला की महाबळेश्वर, पसरणी उतरली की वाई, आणि तिथून पुढे सगळा देश. दक्षिणेला कशेडी ओलांडली की खेड. सरकारदरबारी हे रस्ते दळणवळणासाठी आहेत. पण ‘जरा नाचगाणं बघून येऊ’ असे ज्याच्या मनात आले आहे, त्या गृहस्थासाठी या तीन रस्त्यांवर तीन निरनिराळे दरबार भरतात. पनवेलच्या वाटेवर ऑर्केस्ट्रा बार, घाटावर संगीत बारीची कला केंद्रे आणि कोकणात नमन-खेळे नि शक्ती-तुरा. नाचणारे वेगळे, वाद्ये वेगळी, दरही वेगळे. बघणारा मात्र बहुधा तोच असतो. म्हणून या दरबारांत सर्वांत प्रेक्षणीय काही असेल, तर ते गिऱ्हाईक.

सुरुवात घराजवळून करू. शक्ती-तुऱ्यासाठी कशेडीही ओलांडावी लागत नाही. गौरी-गणपतीत महाड-पोलादपूरच्या वाडीवाडीत जाखडी, म्हणजे हाच शक्ती-तुरा, असते. पायात चाळ बांधलेले गडी गोल धरतात, मध्ये ढोलकी आणि शाहीर बसतात आणि शक्तीवाले-तुरेवाले एकमेकांना पुराणातले सवाल टाकत रात्र काढतात. इथे प्रवेशाला पैसे नाहीत, बसायला आपली गोणपाटे आणायची, आणि प्रेक्षकांत आपली आई, चुलती, भावजय, शाळेतले गुरुजी असे सगळे हजर. नमनात गवळणी असतात, पण परंपरेने लुगड्याच्या आत गावातलाच एखादा बाप्या असतो. सकाळी तोच नांगर धरताना दिसतो. त्यामुळे रसिकाची नजर कितीही चळली तरी फार लांब जाऊ शकत नाही.

तरीही बक्षीस इथेही आहे, आणि त्याचा शिष्टाचार कडक आहे. दाता नोट घेऊन उठतो, बाकीच्यांच्या पायांतून वाट काढत पुढे जातो, शाहिराच्या हातात नोट देतो आणि कानात नाव सांगतो. एवढे झाल्यावर त्याने जागेवर येऊन बसायचे असते. पण तो बसत नाही. माईकवर नाव पुकारले जाईपर्यंत खांबाला टेकून, आपले लक्षच नाही असे दाखवत उभा राहतो. शाहीर पद संपवून म्हणतो, “मौजे अमुक, वाडी तमुक, सध्या मुक्काम मुंबई, यांजकडून शंभर रुपये बक्षीस, मंडळ आभारी आहे.” यात वाडी चुकली तर दाता तिथल्या तिथे दुरुस्ती मागतो, आणि ती सवालाच्या मध्येसुद्धा करावी लागते. पुढच्या पाच मिनिटांत त्याच्या भावकीतला दुसरा उठतो. त्याच्या हातात एकशे एक रुपये असतात.

आता पूर्वेची वाट. आंबेनळी आणि पसरणी असे दोन घाट ओलांडून पोचायचे ते वाईला. वाई हे गाव ब्राह्मणी विद्वत्तेसाठी आणि कृष्णाकाठच्या घाटांसाठी जेवढे प्रसिद्ध, तेवढेच यमुनाबाई वाईकरांसाठी. लावणीतल्या अदाकारीसाठी त्यांना २०१२ साली पद्मश्री मिळाली. वाईच्या पुढे, पुण्याच्याही पलीकडे सोलापूर रस्त्यावर चौफुला लागते, मग मोडनिंब. अहिल्यानगर जिल्ह्यात जामखेड. या गावांतली कला केंद्रे हा संगीत बारीचा मुलूख. पुण्यात शिरले तर गणेश पेठेतले आर्यभूषण थिएटर आहेच. भूषण कोरगावकरांच्या ‘संगीत बारी’ या पुस्तकाने आणि त्यावर बेतलेल्या रंगमंचीय प्रयोगाने हे जग शहरी वाचकाच्या घरात आणले. त्याआधी ते घरात फक्त बातमीच्या रूपाने यायचे, तेही दबक्या आवाजात.

कला केंद्रातली रीत अशी. पुढच्या थिएटरात तिकीट काढून बसायचे. एकेक पार्टी आपापल्या बारीला येऊन लावण्या सादर करते. मन रमले आणि खिसा परवानगी देत असला, तर एखाद्या पार्टीची बैठक ठरवायची. बैठकीच्या खोलीत पेटी, तबला, ढोलकी, गायिका, नाचणाऱ्या आणि समोर गादीवर रसिक. इथे नाचापेक्षा अदेला मान आहे. बसल्या जागी, एका ओळीचे दहा अर्थ भुवईतून आणि बोटांतून दाखवले जातात, आणि ते कळले आहेत असे दाखवणे ही रसिकाची जबाबदारी. घाटावरचा मुरलेला बागायतदार ‘वा’ कुठे म्हणायचे ते जाणतो. कोकणातून गेलेला नवखा मात्र प्रत्येक समेला म्हणतो, आणि मध्येमध्ये सम नसतानाही म्हणतो. पेटीवाला मान खाली घालून वाजवत राहतो. त्याने असे पुष्कळ पाहिलेले असतात.

पैसे देण्याला इथे दौलतजादा म्हणतात. नाव मोगली, रक्कम ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे. फर्माईश करायची, नोट पुढे करायची, कलावंतीण ती येऊन घेते, मुजरा करते आणि गाणे पुढे सरकते. हात धरायचा नाही, नोट परत ओढून चेष्टा करायची नाही, दुसऱ्याच्या फर्माईशीच्या मध्ये आपली घुसवायची नाही. पार्टीची मालकीण कोपऱ्यात पान लावत बसलेली दिसते, पण खोलीतला प्रत्येक हात तिच्या हिशेबात असतो. आगाऊपणा करणाऱ्याला ती ओरडत नाही. “भाऊ, चहा घ्या,” म्हणते. या चहाचा अर्थ कळायला एकच फेरी लागते.

कोकणातल्या माणसाला हा नाद नवा होता असे मुळीच नाही. महाड-पोलादपूरची पिढ्यान्‌पिढ्या माणसे गिरणीत गेली, लालबाग-परळच्या गावकीच्या खोल्यांत राहिली, आणि पगाराच्या दिवशी लालबागच्याच हनुमान थिएटरात तमाशाला जाऊन बसली. गावाला मनिऑर्डर आधी आणि तिकीट नंतर, असे ते सांगत. मनिऑर्डरचा फॉर्म लिहून देणाऱ्याला खरा क्रम ठाऊक असे.

या नादाने माणसाचे काय होते, हे महाराष्ट्राला व्ही. शांताराम यांनी १९७२ साली ‘पिंजरा’त रंगीत दाखवले. आदर्श गुरुजी तमाशाच्या फडात शिरतात आणि शेवटी तुणतुणे हातात येते. ही गोष्ट अस्सल मराठी मातीतली वाटते, पण तिचे मूळ १९३०च्या ‘द ब्लू एंजल’ या जर्मन चित्रपटात आहे. तिथे विद्यार्थ्यांना रागवायला म्हणून एक प्राध्यापक कॅबरेत जातो आणि तिथलाच होऊन बसतो. म्हणजे ‘मी फक्त मुलांना शोधायला गेलो होतो’ ही सबब जर्मनीतही चालत होती. महाडला तिची स्थानिक आवृत्ती आहे: “एमआयडीसीतल्या साहेबांना सोबत म्हणून गेलो.”

आता उत्तरेची वाट, आणि सगळ्यांत गर्दीची.

इथला पहिला नियम भूगोलाचा आहे: आपल्या तालुक्यात जायचे नाही. महाडच्या बाजारपेठेत कोणी शिंकला तर बिरवाडीत औषध सुचवले जाते. तिथे रात्री अकराला एखाद्या लाल-निळ्या दिव्याखालून बाहेर पडणे म्हणजे ग्रामसभेत ठराव मांडण्यासारखे. म्हणून शंभराहून जास्त किलोमीटर तोडून पनवेलची बाजू गाठायची. रेल्वे महाडला शिवत नाही, वीरला थांबते, त्यामुळे बहुतेक जण रस्त्यानेच जातात. या महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम २०११ साली सुरू झाले. तरी पनवेलला पोचेपर्यंत अंग इतके हलून निघते की नाच बघायला आलेल्याचा स्वतःचाच निम्मा कार्यक्रम वाटेत उरकलेला असतो.

एवढे करून काय होते? आतल्या काळोखात डोळे सरावतात आणि पलीकडच्या सोफ्यावर आपल्याच आळीतले काका दिसतात. अशा वेळचा शिष्टाचार लेखी कुठेच नाही, पण तो सर्वमान्य आहे. दोघांनीही मेनूकार्ड उचलायचे आणि त्यातला मंचुरियन तोंडापर्यंत धरून वाचायचा. सोमवारी स्टँडवर भेट झाली की पावसाविषयी बोलायचे, मग महिना मार्चचा असला तरी.

बारमधली व्यवस्था मोठी शिस्तीची. भिंतीला लागून सोफे, मधली जागा मोकळी, आरसे, आणि एसी इतका थंड की पोलादपूरच्या माणसाला महाबळेश्वर आठवावे. परदेशी क्लबांच्या कथा ऐकून गेलेल्याला पहिला धक्का बसतो तो कपड्यांचा. मुंबईच्या डान्सबारमधल्या मुली साडीत किंवा घागरा-चोळीत, नखशिखान्त नटलेल्या असायच्या आणि हिंदी सिनेमाच्या गाण्यांवर नाचायच्या. लग्नाच्या वरातीत याहून धाडसी प्रकार महाडच्या शिवाजी चौकात दिवसाउजेडी पाहायला मिळतात. स्पर्शाला मनाई. दाराशी उभे असलेले दोन धिप्पाड गृहस्थ या नियमाचे भाष्यकार.

आणि नोटा. पाचशेची नोट द्यायला सगळ्यांचेच हात जड होतात, हे बारमालकांनी फार पूर्वी ओळखले. म्हणून वेटर मोठ्या नोटा घेऊन दहाच्या नोटांची कोरी गड्डी आणून देत असे. हातात गड्डी आली की कारकून क्षणात जहागीरदार होतो. एकेक नोट अंगठ्याने सरकवत उडवण्याचे तंत्र काही जण महिनोन्‌महिने घोटत. बोटाला थुंकी लावणारा नवखा म्हणून लगेच ओळखू येई. खाली पडलेल्या नोटा बारचा पोऱ्या गोळा करी, त्याला तिथे ‘कलेक्शन’ म्हणत, आणि मालक व मुलगी यांच्यात त्याची ठरलेली वाटणी होई. शेजारच्या टेबलाने गड्डी उडवली की आपणही उडवायची, हा वाडीतल्या एकशे एक रुपयांचाच नियम. फक्त इथे माईकवर नाव पुकारले जात नाही. उलट नाव विचारले तर माणूस चुलतभावाचे सांगतो. मुद्रांक घोटाळ्यातल्या तेलगीने एका रात्रीत ९३ लाख उधळल्याची कथा अजून सांगितली जाते. ती ऐकून घर गहाण टाकलेल्या माणसालाही आपण काटकसरी असल्याचा भास होतो.

हा सगळा खेळ कायद्याच्या कचाट्यात आला तो रायगड जिल्ह्यामुळेच. मार्च २००५ मध्ये पनवेलचे शेतकरी कामगार पक्षाचे आमदार विवेक पाटील यांनी विधानसभेत डान्सबारचा प्रश्न काढला आणि गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी बंदी जाहीर केली. आधी ती मुंबईबाहेरच्या बारपुरती होती, मग मुंबईही त्यात आली. जुलैत कायदा झाला, ऑगस्टपासून बार बंद. कायद्यात एक गंमत होती. तीन तारे किंवा त्याहून वरच्या हॉटेलांना सूट होती. दोन तारे असतील तर नीतिमत्ता धोक्यात, तिसरा तारा लागला की कला. उच्च न्यायालयाने १२ एप्रिल २००६ रोजी बंदी रद्द केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने १६ जुलै २०१३ रोजी त्यावर शिक्कामोर्तब केले. मग २०१४ साली सरकारने ताऱ्यांची सूटच काढून टाकली आणि सगळ्यांना सारखी बंदी केली. २०१५ साली तिलाही स्थगिती मिळाली.

महाराष्ट्राला हे नवे नव्हते. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत खेर सरकारने तमाशावर बंदी घातली होती, मग दत्तो वामन पोतदारांची समिती नेमली आणि अटी घालून तमाशा परत आणला. शासन आणि नाच यांचे नाते असेच चालते: आधी बंदी, मग समिती, आणि काही वर्षांनी त्याच नाचाला पुरस्कार.

या भांडणात सगळ्यांत महाग पडले ते नाचणाऱ्या बायकांना. त्यांच्या संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे राज्यात ७५ हजार बारबाला होत्या. एसएनडीटी विद्यापीठाच्या स्त्री-अभ्यास केंद्राने आणि फोरम अगेन्स्ट ऑप्रेशन ऑफ विमेनने त्यांच्याशी बोलून अभ्यास केला, त्यात अनेकींच्या कमाईवर आख्खे घर चालत असल्याचे दिसले. गिऱ्हाइकाचे मात्र काहीच अडले नाही. त्याच्यावर अभ्यास करायला कोणी आले असते, तरी त्याने चुलतभावाचेच नाव दिले असते.

२०१६ साली नवा कायदा आला आणि त्याबरोबर अटींची अशी यादी आली की वाचताना बांधकाम खात्याची निविदा वाटावी. मंच दहा फूट बाय बारा फूट. भोवती तीन फूट उंच कठडा. कठड्यापासून पाच फुटांवर पहिली खुर्ची. एका वेळी मंचावर चारच नर्तिका. नाचाच्या जागेत दारू नाही. शाळा आणि देवळापासून एक किलोमीटर अंतर. महाराष्ट्रात देवळापासून एक किलोमीटर मोकळी जागा शोधायची तर समुद्रात जावे लागेल, हे कोणाच्या लक्षात आले नसावे. आत सीसीटीव्ही हवा. आधीच्या एका अटीप्रमाणे तर त्याचे थेट प्रक्षेपण पोलिसांकडे जायचे होते. ती टिकली असती, तर रात्रपाळीच्या बदलीसाठी पोलीस दलात वशिले लागले असते.

१७ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतराची, कॅमेऱ्याची आणि दारूबंदीची अट काढली. संध्याकाळी सहा ते रात्री साडेअकरा ही वेळ ठेवली. नोटांबद्दल निकाल असा: बक्षीस द्या, पण उधळू नका. ज्या वादावर वाडीतल्या शाहिराने कानात नाव सांगण्याची पद्धत केव्हाच लावून दिली, तो सुटायला दिल्लीपर्यंत जावे लागले.

अमेरिकेतही न्यायालये याच घोळात आहेत, पण त्यांचा विषय निराळा. सॅन फ्रान्सिस्कोच्या काँडोर क्लबमध्ये कॅरोल डोडा १९६४ साली उघड्या छातीने नाचली आणि तिथून या धंद्याने देशभर पाय पसरले. १९९१ साली इंडियाना राज्यातल्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले, की किमान दोन टिकल्या आणि एक चिंधी अंगावर असावी, अशी सक्ती राज्याला करता येईल. लास व्हेगासात पूर्ण वस्त्रहीन नाच असेल तिथे सहसा दारू मिळत नाही, आणि दारू असेल तिथे थोडे तरी वस्त्र लागते. दोन्ही एकत्र हवे तर उत्तर लास व्हेगासच्या पालोमिनो क्लबसारखा अपवाद शोधायचा. आइसलँडने २०१० साली असे क्लब बंदच केले. अमेरिकेतल्या क्लबांचा शिष्टाचार मात्र मंचाच्या कडेला बसून एक डॉलर ठेवण्याचा, हात आवरण्याचा, फोटो न काढण्याचा. तिकडे न्यायमूर्तींनी कापड मोजले, इकडे नोटेचा उडण्याचा कोन.

कायदा जितका बारीक झाला, तितकी कल्पकता वाढली. नाचाचा परवाना मिळणे दुरापास्त, म्हणून ऑर्केस्ट्रा आला. कागदोपत्री मुली गातात. मंचावर चार पुरुष नि चार स्त्रिया असा कोटाही होता. हॉटेल प्रिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली तो स्त्री-पुरुष हिशेब रद्द केला. डिसेंबर २०२१ मध्ये अंधेरीच्या एका बारवर छापा पडला, तेव्हा मेकअप रूमच्या आरशामागच्या गुप्त खोलीत १७ जणी दाटीवाटीने बसवलेल्या सापडल्या. तो आरसा बातमीत आला. रुमालाने तोंड झाकून बाहेर पडलेली गिऱ्हाइके बातमीच्या शेवटच्या ओळीत होती, नावाशिवाय.

२ ऑगस्ट २०२५ रोजी पनवेलला शेतकरी कामगार पक्षाच्या वर्धापनदिनाच्या मेळाव्यात राज ठाकरे यांनी शिवरायांच्या राजधानीच्या जिल्ह्यातच सर्वाधिक डान्सबार कसे, असा सवाल केला आणि त्याच रात्री पनवेलजवळचा एक बार फोडला गेला. दुसऱ्या दिवशी महाडच्या चहाच्या टपरीवर यावर जोरदार चर्चा झाली असणार. ज्यांनी सर्वांत मोठ्याने निषेध केला, त्यांना बारचा जिना डावीकडे की उजवीकडे हे बिनचूक माहीत असते.

आता नवे संकट यूपीआयचे आहे. दहाच्या नोटांच्या गड्डीला पत्ता नव्हता; मोबाइलवरून दिलेल्या पैशाला तारीख, वेळ आणि दुकानाचे नाव चिकटते. बहुतेक पाट्यांवर ‘फॅमिली रेस्टॉरंट’ लिहिलेले असते, हा मोठा आधार. पण खाते जोडीचे असेल तर मेसेज दोन फोनवर वाजतो, आणि पोलादपूरच्या घरात रात्री पावणेबाराला वाजलेला मेसेज सकाळच्या चहाबरोबर वाचून दाखवला जातो.

“अहो, पनवेलचं हे फॅमिली रेस्टॉरंट कुठलं? चार हजार दोनशे?”

“एमआयडीसीतले साहेब होते गं बरोबर. त्यांना जेवायला नेलं.”

“आणि त्यानंतर दहा-दहा मिनिटांनी पाचशे, पाचशे, पाचशे?”

“साहेबांना भूक फार.”